चौकटीबाहेर राहिलेलं पत्र

पानाच्या तळाशी तीन बोटं जागा कोरी होती. शाल्मलीनं बोटं ठेवून मोजली होती, तीही दोनदा. 'तुझी रुजुता' एवढे दोन शब्द लिहायला तीन बोटं जागा म्हणजे काय, पुष्कळच झाली. तरीही ते दोन शब्द तिथं नव्हते. वाक्य नीट पुरं झालं होतं, पूर्णविरामही होता, आणि त्यानंतर नुसता कोरा कागद.

असं हे लागोपाठ नववं पत्र.

एखाद्या वेळी माणूस विसरतं. दुसऱ्या वेळी घाईत असतं. पण नऊ वेळा? शाल्मली अकरा वर्षांची होती आणि नऊ वेळांचा अर्थ काय होतो हे तिला कळत होतं. रुजुताला आता तिचा कंटाळा आला होता.

शाल्मली राहायची चंद्रावर, दक्षिण ध्रुवाजवळच्या हिमकुंड तळावर. तिथल्या खोल विवरांत ऊन कधीच पोचत नाही, त्यामुळे त्यांच्या तळाशी पाणी गोठून राहिलेलं आहे. ते खणून काढायचं काम तिचे बाबा करत. तळावर माणसं एकेचाळीस, त्यांत मुलगी एक. फेब्रुवारीपर्यंत दोन होत्या. मग रुजुताच्या आईची, म्हणजे तळावरच्या दातांच्या डॉक्टरांची, मुदत संपली आणि मायलेकी पृथ्वीवर देवरुखला परतल्या. त्यानंतर शाल्मली एकटीच जेवणघरातल्या खिडकीशी बसायची, एकटीच अभ्यास करायची, आणि लंगडी खेळावीशी वाटली तर स्वतःच राज्य घेऊन स्वतःलाच पकडायची. चंद्रावर वजन सहापटीनं कमी भरतं, तेव्हा उडी लांब जाते खरी. पण बघायला कुणी नसेल तर लांब उडीचं कौतुक ते किती!

त्यातच दळणवळणाचा उपग्रह (पृथ्वीवरचं बोलणं झेलून चंद्रावर पोचवणारं आकाशातलं यंत्र) बिघडला. दुरुस्तीचं यान निघायला अजून पाच महिने होते. तोवर घरगुती बोलणी बंद, चित्रं बंद. आठवड्यातून एकदा, दर रविवारी, फक्त अक्षरं येत आणि अक्षरंच जात. आलेलं पत्र ज्याच्या त्याच्या नावानं कागदावर छापून मिळे. माणशी एक पान. चंद्रावर झाडं नाहीत, त्यामुळे शेवाळापासून केलेला तो कागद सगळे जपून वापरत.

रुजुताच्या पत्रात काय असायचं? 'सगळ्यांना आईचा नमस्कार. पाटणकरकाकांचा गुडघा कसा आहे? शेवाळाच्या टाक्या धुतल्या का? इथे फणस लागलेत.' आधी सगळ्यांची विचारपूस करावी आणि मग आपलं गाऱ्हाणं सांगावं, असं रुजुताच्या आईचं शिस्तीचं सांगणं होतं. विचारपूस तर मनापासून असायची. पण त्यात शाल्मली कुठे होती? तळावरच्या पाटणकरकाकांच्या गुडघ्याला चार ओळी आणि जिवाभावाच्या मैत्रिणीला एकही नाही!

शाल्मलीनं तीन ओळींचं उत्तर लिहिलं. 'रुजुता, तुला वेळ नसेल तर लिहू नकोस. मी वाट बघणार नाही. पाटणकरकाकांचा गुडघा बरा आहे.' ते घेऊन ती तडक छपाईच्या खोलीकडे निघाली. टपाल पाच वाजता सुटायचं. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

छपाईचं काम जुळारी नावाचा यंत्रमानव करी. पूर्वी छापखान्यात शिशाचे एकेक अक्षराचे खिळे जुळवून पान तयार करत, त्यावरून हे नाव कुणीतरी ठेवलं होतं. आज त्याच्या शेजारी स्टुलावर चौगुले आजोबा बसले होते. ते भूवैज्ञानिक (जमीन, दगड, माती यांचा अभ्यास करणारे), वय सत्तर, मूळ गाव गडहिंग्लज. आपलं पान त्यांना मिळालं होतं. चार घड्या घालून ते त्यांनी खिशात ठेवलं होतं, आणि तरीही ते तिथंच बसून होते.

"जुळारी, हे पाठव," शाल्मली म्हणाली.

"तीन ओळी," जुळारी म्हणाला. "तुझी आधीची आठही पत्रं साठ-साठ ओळींची होती. मजकूर अपुरा आहे का?"

"पुरेसा आहे," असं म्हणताना तिचा आवाज चिरकला, आणि जे आजोबांना दाखवायचं नव्हतं ते डोळ्यांत आलं.

आजोबांनी उगाच 'काय झालं' वगैरे विचारलं नाही. ते म्हणाले, "कुणावर राग काढायलीस, पोरी? जुळारीवर नसावा. बिचाऱ्याला राग कळत न्हाई."

मग तिनं सगळं सांगितलं आणि रुजुताचं पान त्यांच्यापुढे धरलं. "बघा ना. जागा होती, आजोबा! तीन बोटं जागा होती. तरी नाव लिहिलं नाही."

आजोबांनी चष्मा वर-खाली केला. मजकुराकडे त्यांनी पाहिलंच नाही. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, एवढं त्यांना कळत होतं. ते फक्त तळच्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. "रुजुता इथं असताना चिठ्ठ्या लिहायची का तुला?"

"रोज. दारावर चिकटवायची."

"त्याखाली नाव असायचं?"

"नेहमी. नावाखाली दोन रेघासुद्धा."

"आणि तिकडं गेल्यावर नऊच्या नऊ पत्रांत न्हाई," आजोबा म्हणाले. "माणूस बदलतो, पण इतक्या शिस्तीत न्हाई बदलत. जुळारी, हिचं पान पडद्यावर घे बघू. छापल्यावर दिसतं तसं नको, जुळवताना दिसतं तसं."

पडद्यावर पान आलं. पत्र दुसऱ्या कुणी वाचू नये म्हणून अक्षरांच्या जागी नुसत्या करड्या पट्ट्या दिसत होत्या. त्यांच्याभोवती बारीक निळी रेघ होती आणि त्या रेघेच्या उजव्या, खालच्या कोपऱ्यात एक चिमुकला लाल चौकोन. त्यात अधिकचं चिन्ह.

"हे कागदावर नाहीये," शाल्मली म्हणाली.

"नसणारच. ते वाचणाऱ्यासाठी न्हाई, जुळवणाऱ्यासाठी असतं." आजोबांचा आवाज एकदम तरुण झाला. "कॉलेजात असताना मी गडहिंग्लजला एका डीटीपीच्या दुकानात बसायचो. लग्नपत्रिका करायचो. या लाल खुणेनं मला एकदा रडवलंय. ही खूण म्हणजे चौकटीबाहेर अजून मजकूर आहे."

"म्हणजे... कापला गेला?"

"तिथंच सगळे चुकतात. थांब."

त्यांनी मातीच्या नमुन्यांवर लावायचं एक पुठ्ठ्याचं लेबल घेतलं आणि कात्रीनं त्याला एक खिडकी पाडली. मग कागदाची लांब पट्टी घेऊन तिच्यावर वरपासून खालपर्यंत एक ते वीस आकडे लिहिले, पट्टी पुठ्ठ्यामागे धरली. खिडकीतून एक ते आठ दिसू लागले.

"नऊ कुठं आहे?"

"मागे. पुठ्ठ्याच्या मागे."

"कापलाय का?"

"नाही. फक्त दिसत नाही."

"झालं! ही खिडकी म्हणजे मजकूर-चौकट (पानावर अक्षरांनी राहायची आखून दिलेली जागा). ही पट्टी म्हणजे मजकूर. आपल्याला दोन्ही एकच वाटतात, पण त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. चौकट लहान पडली तर उरलेली पट्टी कुठं जात न्हाई, मागं उभी राहते, आणि संगणक कोपऱ्यात लाल खूण करतो. आम्ही त्याला ओव्हरसेट म्हणायचो. पण तसंच छापलं तर कागदाला काय माहीत, मागं कोण उभं आहे ते!"

शाल्मलीनं पट्टी हळूच वर ओढली. नऊ आला, दहा आला. पण ती सहजासहजी पटवून घेणाऱ्यांतली नव्हती. "मग ही तीन बोटं जागा? पुठ्ठ्याची खिडकी तर पूर्ण भरलीय. रुजुताच्या पानावर जागा उरलीय. मजकूर मागे उभा असेल तर तो आधी तिथं का नाही आला?"

"वा गं पोरी!" आजोबा खूश झाले. "आता उत्तर जुळारीकडून घे."

"या नमुनापानाला, म्हणजे ज्या साच्यावर सगळी पत्रं छापतात त्याला, एक नियम लावलेला आहे," जुळारी म्हणाला. "परिच्छेद फोडायचा नाही. हे पान मुळात सुरक्षेच्या सूचनांसाठी केलं होतं. 'हवाबंद दार उघडण्यापूर्वी' इथे आणि 'शिरस्त्राण घाला' पुढच्या पानावर, असं झालं तर धोका होईल. म्हणून परिच्छेद पूर्ण मावला तर आत येतो, नाहीतर पूर्णच बाहेर थांबतो. इथे चार ओळींची जागा उरली आणि पुढचा परिच्छेद पाच ओळींचा होता."

"आणि त्याच्या मागचे सगळे त्याच्याच मागं अडकले," आजोबा म्हणाले. "अगदी असंच झालं होतं माझं. पत्रिकेत शेवटी मामांची नावं. दोन ओळींचा परिच्छेद, जागा दीड ओळीची. लाल खूण मी बघितली न्हाई. चारशे पत्रिका छापून वाटून झाल्या आणि मामाच गायब! लग्नात नवरीचा थोरला मामा मांडवाच्या दारात खुर्ची टाकून बसला, आत येईना. 'माझं नाव काढलं' म्हणाला. काढलं कुणी न्हवतं हो. ते आतच होतं, फायलीत. अक्षता खोळंबल्या. शेवटी मालकानं मला मोटरसायकलवर घालून नेलं आणि मी मामाचे पाय धरले, तेव्हा तो हलला."

शाल्मलीला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच थांबलं. कारण तीही गेले नऊ आठवडे मांडवाच्या दारात खुर्ची टाकून बसली होती.

"जुळारी," ती हळूच म्हणाली, "नऊ पत्रांत मिळून किती ओळी बाहेर आहेत?"

"एकशे एकवीस."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"सांगू नये अशी आज्ञा होती. मागच्या ऑक्टोबरमध्ये, दिवाळी अंक जुळवताना. शब्द असे होते: 'बाई गं, सारखं सारखं सांगू नकोस! मजकूर जास्त झाला तर होऊ दे!' आवाज तुझा होता. शेजारी रुजुता हसत होती."

शाल्मलीला तो दिवस लख्ख आठवला. एकेचाळीस वाचकांसाठी काढलेला अंक, दर दोन मिनिटांनी जुळारीचं 'मजकूर जास्त होतोय', आणि दोघींची हसून झालेली मुरकुंडी. अंक झाला आणि आज्ञा मागे घ्यायची राहिली. जुळारीनं ती आजवर इमानेइतबारे पाळली. दोष द्यायला दुसरं कुणी सापडलं असतं तर किती बरं झालं असतं!

"ती आज्ञा रद्द," ती म्हणाली. "आता सांगत जा. प्रत्येक वेळी सांग. आणखी कुणाचं काही बाहेर राहिलंय का?"

"पाटणकरांच्या आईंचा एक परिच्छेद. लोणच्याची कृती आहे."

"ती आधी छाप बाबा," आजोबा म्हणाले.

चार वाजून पंचवीस मिनिटं. आता हे बाहेर काढायचं कसं? आजोबा हाताची घडी घालून बसले. "तूच कर. मी फक्त बघतो."

शाल्मलीला पहिलं सुचलं ते सरळ होतं. खिडकी लहान पडतेय ना, मग खिडकी मोठी करू. तिनं चौकटीची खालची कड बोटानं पकडून ओढली. एक परिच्छेद टुपकन आत आला, पाच करड्या पट्ट्या. पण तेवढ्यात कागदाची कड आली. लाल खूण तशीच.

मग तिनं अक्षरं बारीक केली. आणखी बारीक. चौदा ओळी भराभर आत शिरल्या आणि लाल खूण विझली. "मावलं!" ती ओरडली.

"छाप की मग," आजोबा म्हणाले, आणि नमुना म्हणून जुळारीनं त्याच मापात त्यांच्या नावाची एक ओळ चिठोऱ्यावर छापली. आजोबांनी ती नाकाला लावली, लांब धरली, दिव्याखाली धरली. "सगळं मावलं खरं. पण वाचायचं कुणी? मुंग्यांनी?"

"शब्द कमी करू?" शाल्मलीनं विचारलं आणि लगेच स्वतःच मान हलवली. आपला मजकूर असेल तर काटछाट करावी. दुसऱ्याच्या पत्राला कात्री कशी लावायची? शिवाय एकशे एकवीस ओळी बाहेर राहिल्या होत्याच. आणखी एकही तिला गमवायची नव्हती. तिनं अक्षरं पुन्हा मोठी केली, चौकट होती तशी केली. ती विचारात पडली. पट्टी एक आहे. खिडकी एक आहे. पण एकच का?

तिनं पुठ्ठ्याचं लेबल उचललं आणि पहिल्या खिडकीच्या शेजारी दुसरी खिडकी पाडली. "आजोबा, पट्टी इथून निघून इथं आली तर?"

आजोबांच्या मिशा हसल्या.

"याला साखळी म्हणतात," जुळारी म्हणाला. "जोडलेल्या चौकटी. लाल खुणेवर बोट ठेव, आणि नंतर जिथे मजकूर हवा तिथे ठेव. पहिल्या चौकटीत न मावलेला मजकूर दुसरीत वाहत जाईल. पहिलीत एक ओळ वाढली तर दुसरीत आपोआप एक ओळ पुढे सरकेल. धागा एकच राहतो. मात्र दुसरं पान लागेल, आणि माणशी एकच पान असा नियम आहे. तुझं आजचं पान छापून झालं आहे."

चार वाजून अडतीस. शाल्मलीचा चेहरा उतरला.

आजोबांनी खिशातून आपलं पान काढलं. चारही घड्या उलगडून ते मांडीवर नीट सपाट केलं. वर चार ओळी होत्या, खाली सगळा कोरा कागद. "हे घे. जागाच जागा आहे."

ते पान जुळारीनं आत घेतलं तेव्हा पडद्यावर त्याची चौकट उमटली. आजोबा पटकन पुढे वाकले आणि खालच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत राहिले. तिथं लाल खूण नव्हती. त्यांच्या मुलीनं चारच ओळी लिहिल्या होत्या आणि त्या सगळ्या आत होत्या.

"न्हाई," ते म्हणाले. "तेवढंच आहे." आणि पुन्हा स्टुलावर नीट बसले. ते एवढा वेळ पान खिशात घेऊन का बसले होते, ते आता तिच्या लक्षात आलं.

तिनं लाल खुणेवर बोट ठेवलं, मग आजोबांच्या चौथ्या ओळीखाली ठेवलं. करड्या पट्ट्या झरझर उतरल्या. लाल खूण गेली; आधीच्या आठ पत्रांच्या ओळी पुढच्या रविवारांच्या कोऱ्या जागेत उतरवायच्या होत्या. यंत्र घरघरलं आणि कागद बाहेर आला, कोमट.

'शाल्मे, आता माझं. हे मी सातव्यांदा विचारतेय. तू एवढी लांब पत्रं लिहितेस आणि याबद्दल एक अक्षर बोलत नाहीस, म्हणजे तुला त्याचा कंटाळा आला असेल. पण मी दुसऱ्या कुणाला सांगू? चंद्रावर राहून माझ्या पायांतलं बळ गेलंय. खेळाच्या तासाला मी बाकावर बसते. सगळे चांगले आहेत, पण पळणारी मुलं बाकावर येऊन बसत नाहीत. कधी कधी दुपारीसुद्धा चंद्र दिसतो. मी त्याच्याकडे बघते आणि तू तिथं आहेस असं स्वतःला सांगते. तू या वेळीही काही बोलली नाहीस, तर मी पुन्हा विचारणार नाही. फक्त गुडघ्याचं आणि फणसाचं लिहीन. तुझी रुजुता.'

शाल्मलीनं ते दोनदा वाचलं. आजवर तिला वाटत होतं, एकटं राहायचं ते आपल्या वाट्याला आलंय आणि रुजुता मुलांच्या गर्दीत मजेत आहे. चार लाख किलोमीटरांच्या दोन टोकांना दोघी जणी सारख्याच एकट्या बसल्या होत्या, आणि मधे होती एक न बघितलेली लाल खूण. ती ओक्साबोक्शी रडली. आजोबांनी तिला रडू दिलं, फक्त एकदा म्हणाले, "चार बेचाळीस."

तिनं तीन ओळींचं पत्र फाडलं आणि दुसरं लिहायला बसली. पहिल्याच ओळीत तिनं लिहिलं की चूक माझी आहे. मग चौकट, पट्टी, लाल खूण आणि आपलीच जुनी आज्ञा. मग बाकाबद्दल, पायांबद्दल. आजोबांनी सांगितलं की जिथं वजन कमी भरतं तिथं हाडं आणि स्नायू आळसावतात, पण रोज थोडं थोडं चाललं की परत कामाला लागतात. तेही तिनं घातलं. आणि तुझं पत्र कुणाच्या पानावर, कुणाच्या चार ओळींखाली उमटलं तेही लिहिलं. चार एकोणसाठला तिनं पत्र जुळारीच्या हाती दिलं.

अक्षरांना पृथ्वीवर पोचायला सव्वा सेकंद लागतो. उत्तराला आठवडा लागणार होता. तो आठवडा फार लांब गेला. जेवणघरातल्या खिडकीबाहेर नेहमीसारखी काळीभोर आणि मुकी जमीन होती, आणि तिच्या कडेला पृथ्वी टेकलेली. शाल्मली तिच्याकडे बघत बसे. दोन-तीनदा चौगुले आजोबाही येऊन बसले.

रविवारी ती छपाईच्या खोलीत पोचायच्या आतच जुळारीचा आवाज बाहेर आला. "शाल्मली, मजकूर चौकटीत मावत नाही! एकोणीस ओळी बाहेर आहेत!"

आजोबांनी आपलं पान पुढे केलं. त्यावर आजही चारच ओळी होत्या. साखळी जोडली गेली, दोन कागद बाहेर आले. पहिल्या पानावर रुजुतानं लिहिलं होतं की ती शाल्मलीचं पत्र हातात धरून मैदानाच्या कडेच्या सुरूच्या झाडापर्यंत चालत गेली, आणि परत येताना सात पावलं पळाली. बाकावर आता एक मुलगी येऊन बसते, तिला चंद्रावरच्या लंगडीबद्दल ऐकायचं असतं. शाल्मली वाचत वाचत दुसऱ्या पानावर आली आणि थांबली.

"आजोबा, हे तुमच्यासाठी आहे."

आजोबांनी पान घेतलं. त्यांच्या मुलीच्या चार ओळींखाली लिहिलं होतं: 'चौगुले आजोबांना नमस्कार. तुमच्या पानावर जागा असते असं शाल्मलीनं कळवलं. आता मी दर आठवड्याला मुद्दाम लांब पत्र लिहिणार आहे, म्हणजे ते तुमच्यापर्यंत येईल.'

आजोबांनी चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला.

"तिला कळव," ते म्हणाले, "लांब लिही म्हणावं. पण जुळारीला अक्षर बारीक करू देऊ नको. मला दिसत न्हाई."